गुडघ्यांकडे कोण बघतंय?

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

व्यासपीठावर बसलेले आमचे सर, बाई, आणि समोर बसलेल्या १९८५ च्या दहावीच्या मुला-मुलींनो,

मुलं-मुली म्हणते, कारण काल दुपारी फाटकातून आत शिरल्यापासून आपल्यातलं कुणी पंचावन्न-छपन्नचं उरलेलंच नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर मैदानात जो काही प्रकार चालला होता तो बाईंनी पाहिला असता, तर आज सगळ्यांना वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं. पण आज सकाळी नाश्त्याला यायची वेळ झाली आणि त्या तीन पायऱ्या उतरताना कठडा धरणारे किती होते, तेही मी मोजलंय. माझा धंदाच तो आहे. तीस वर्षं पुण्यात फिजिओथेरपी करतेय. माणूस दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत त्याचं निम्मं दुखणं मला कळलेलं असतं.

मला दिलेला विषय आहे, घरी नाचून व्यायाम करताना गुडघे कसे सांभाळायचे. स्मरणिका समितीला हा विषय का सुचला ते सगळ्यांना माहीत आहे. तीन महिन्यांपूर्वी आपण ठरवलं की मुलींनी एक समूहनृत्य करायचं आणि मुलांनी लेझीम. व्हिडिओ ग्रुपवर आला, आणि ठाणे, नाशिक, बेळगाव, इंदूर, जी जिथं असेल तिथं आपापल्या हॉलमधला टीपॉय सरकवून नाचायला लागली. पंधरा दिवसांत मला अकरा फोन आले. सगळ्यांची सुरुवात एकच, "अगं, तुला सहज म्हणून फोन केला." सहज कुणी केलेला नव्हता. सगळ्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

त्या फोनांना मी या वेळी जरा सावधपणे उत्तरं दिली, कारण एकदा मी चुकले आहे. ते आधी सांगते. जिच्याबाबतीत चुकले ती दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिनंच मला हे सांगायची परवानगी दिली आहे. नाव घ्यायची दिलेली नाही. पण 'अ' तुकडीच्या खो-खो संघाची कॅप्टन म्हटलं की तुम्हाला कळेलच, त्यामुळे त्या अटीला काही अर्थ नाही.

मे २०२०. सगळे घरात कोंडलेले. तिनं मला मेसेज केला, "घरात बसून वजन वाढलंय. मोबाईलवर बघून झुम्बा सुरू करतेय. गुडघ्यांना चालेल ना?" माझं क्लिनिक बंद, दिवसभर पेशंट फोनवर. मी तिच्या त्या मेसेजला वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. बस्स. एक अंगठा. पेशंट असती तर मी तिला वीस प्रश्न विचारले असते. मैत्रीण होती म्हणून एकही विचारला नाही.

जुलैमध्ये तिच्या मुलीचा फोन आला. आई दहा दिवस लंगडतेय, कुणाला सांगत नाही, रात्री तेल लावून चोळत बसते. मी व्हिडिओ कॉल लावला. उजवा गुडघा दिसायला डाव्यापेक्षा मोठा, वाटीच्या कडा सुजेत बुडालेल्या, पूर्ण वाकवता येईना. मी विचारलं, झालं कसं? ती म्हणाली, "काही झालंच नाही गं. पडले नाही, धडपडले नाही. गाण्यात एक गिरकी होती. मी वळले आणि आत टक् झालं. नंतर गाणं पूर्णसुद्धा केलं."

गाणं पूर्ण केलं! खो-खोची कॅप्टन ना.

मग मी तिला म्हटलं, जिथं नाचत होतीस ती जागा दाखव. तिनं मोबाईल फिरवला. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यावर योगासनांची जांभळी मॅट. मॅटवर नवे कोरे, जाड तळाचे पळायचे बूट. आणि समोर टीव्हीवर पंचविशीतली एक मुलगी. मला सगळं त्याच क्षणी कळलं. ते तुम्हालाही कळावं म्हणून थोडं शरीरशास्त्र सांगते. बाई, तुम्ही शिकवलेल्या जीवशास्त्राच्या पुढचं आहे, पण पाया तुमचाच.

गुडघा म्हणजे मुख्यतः बिजागरी. दार उघडतं-मिटतं तसा तो सरळ होतो आणि वाकतो. वाकलेला असताना थोडासा आत-बाहेर वळतो, पण थोडासाच. गोल फिरायचं काम त्याचं नाही. ते काम वरच्या खुब्याचं आहे. खुबा म्हणजे खोलगट वाटीत बसलेला गोळा, तो सगळ्या दिशांना फिरतो. खाली घोटा आणि पाऊल, तेही जमिनीप्रमाणे वळतं, झुकतं. गुडघा या दोघांच्या मध्ये. वरच्यानं आणि खालच्यानं आपापलं काम केलं तर मधल्याला त्रास नाही. खालचं पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि वरचं सगळं शरीर गाण्याबरोबर फिरलं, तर तो पीळ जातो कुठं? मधल्याकडे. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. धक्का त्या झेलतात, भार पसरवतात. वाकलेल्या गुडघ्यावर भार आहे, पाऊल रोवलेलं आहे आणि शरीर वळलं, की आतल्या बाजूची गादी चिमटीत सापडते. विशीत ती रबरासारखी असते. पन्नाशीनंतर जुन्या चपलेच्या तळासारखी होते, दिसायला ठीक, पण मोठ्या अपघाताची तिला गरज नसते. एक गिरकी पुरते. आणि गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा नसल्यामुळे तो भाग सहजी भरून येत नाही.

आता मला सांगा, हीच मुलगी इथल्या मैदानात अनवाणी पायानं खांबाला वळसा घालून कशी वळायची? तेव्हा गुडघ्याला काही झालं नाही, ते फक्त वय कमी होतं म्हणून? वय होतंच. पण पायाखाली मुरूम-माती होती. ती वळली की पाऊल मातीवर घसरायचं, धूळ उडायची. पीळ त्या मातीत जिरायचा. घरातल्या जांभळ्या मॅटचा धर्मच मुळी चिकटण्याचा. अधोमुख श्वानासनात हात घसरू नयेत म्हणून ती केलेली आहे. त्यावर पकड असलेले बूट घालून गिरकी घेणं म्हणजे पाय स्क्रूनं जमिनीत बसवून कंबर फिरवणं.

म्हणून पहिली गोष्ट, योगासनांच्या मॅटवर नाचू नका. ती आसनांसाठी ठेवा. पायात बूट हवेत, कारण घरातली टाइल किंवा संगमरवर काहीही झेलत नाही. टाइलखाली सिमेंट, सिमेंटखाली स्लॅब. उडी मारली की तो धक्का सगळाच्या सगळा परत तुमच्या टाचेत येतो. नाचाच्या स्टुडिओत लाकडी जमीन असते, तिच्याखाली थोडी पोकळी किंवा उशी ठेवलेली असते, ती लवते. व्हिडिओतली ती मुलगी बहुतेक वेळा अशा जमिनीवर नाचत असते आणि आपण ते आपल्या टाइलवर करत असतो. बूट मात्र पळायचे नकोत. पळायचे बूट पुढे जायला केलेले असतात, त्यांचा तळ पकड घेतो, रुंद असतो. हलके, चवड्याखाली फार खाचा नसलेले, आडवं सरकता येईल असे बूट बघा. दुकानात घालून तिथल्या गुळगुळीत फरशीवर चवड्यावर वळून बघायचं. दुकानदार हसला तर हसू द्या. नुसते मोजे घालून टाइलवर नाचणं हा दुसरा टोकाचा वेडेपणा, त्यात पाय घसरून लचकतो. आणि अनवाणी? हळू, उड्या नसलेलं, कमी वेळाचं असेल आणि टाचा दुखत नसतील तर हरकत नाही. कुणीतरी लगेच म्हणेल की कथ्थक तर अनवाणीच करतात. बरोबर. पण कथ्थकवाल्या वर्षानुवर्षं गुरूंच्या नजरेसमोर तयार झालेल्या असतात. भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीला विचारा, अरमंडीत बसताना पाय बाहेर वळवायचे ते खुब्यातून, गुडघ्यातून नाही, यावरून तिनं किती बोलणी खाल्लीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गुरूंची नजर.

आपल्या पी.टी.च्या सरांची आठवण करा. (सर, तुम्ही समोर आहात, चुकलं तर सांगा.) कवायत सुरू झाली की सर आपल्या चेहऱ्याकडे कधी बघायचे नाहीत. रांगेच्या टोकाला उभे राहून पायांकडे बघत चालायचे. 'जागच्या जागी धाव' म्हटल्यावर कुणाची टाच आपटतेय, कुणाचे गुडघे एकमेकांना घासतायत, ते त्यांना लांबून कळायचं. छडी नुसती बोट दाखवल्यासारखी पायाकडे यायची आणि आपण पाय नीट टाकायचो. तेव्हा वाटायचं सर फार कटकट करतात.

घरी नाचताना काय होतं? आपण त्या मुलीकडे बघतो, ती आपल्याकडे बघत नाही. ती गोड हसून "शाबास, मस्त करताय" म्हणते. तिला काय माहीत तुम्ही काय करताय! गाण्याची लय तिच्या वयाची. पुष्कळ व्हिडिओ उलट दिसतात, तिचा डावा आपला कुठला, यातच पहिली पाच मिनिटं जातात आणि त्या गोंधळात पाय कुठं पडतोय याकडे लक्ष राहत नाही. आरशाचं कपाट असलं तरी त्यात आपण पोट बघतो. गुडघ्यांकडे कुणीच बघत नाही.

तेव्हा बघणारं कुणीतरी तयार करा. मोबाईल आहेच. एका स्टुलावर, गुडघ्याच्या उंचीला, समोरून लावा आणि स्वतःची दोन मिनिटं चित्रित करा. चेहरा दिसला नाही तरी चालेल, उलट बरंच. मग शांतपणे बसून बघा. एकच गोष्ट शोधायची. पाय पुढे टाकून वाकताना किंवा बाजूला जाताना तुमची गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते, की आत, दुसऱ्या गुडघ्याकडे ढळते?

आत्ताच करून बघू. उठा सगळे. समोरच्या खुर्चीची पाठ धरा. पाठ दुखणाऱ्यांनी बसून राहा, त्यात लाजायचं काही नाही. एक पाय उचला. उभ्या पायाचा गुडघा जरासा वाकवा, अगदी चार बोटं खाली. आता खाली बघा.

(इथे सगळे उभे राहिले. पुढची दोन मिनिटं सभागृहात जे बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही.)

बसा. बऱ्याच जणांचा गुडघा आत गेला. मुलांचेसुद्धा, हसू नका. यात गुडघ्याचा दोष नाही. खुब्याच्या बाजूला, जिथं आपण हात ठेवून उभं राहतो, तिथले स्नायू ढिले पडले की मांडी आत ढळते आणि तिच्याबरोबर गुडघा जातो. खुर्चीत बसून नोकरी केलेल्या प्रत्येकाचे ते ढिले असतात. बँकवाल्यांचे तर विचारू नका.

नजरेइतकाच उपयोगी कान. उडी मारून खाली येताना आवाज किती होतो? धप्प असा आवाज आला तर तो धक्का स्नायूंनी झेललेला नाही, हाडांनी झेललाय. मांजर ओट्यावरून उतरतं तसं उतरायचं, आधी चवडा, मग टाच, गुडघे आणि खुबे दोन्ही थोडे दुमडलेले. माझी एक पेशंट सांगायची की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन भांडायचे. मी म्हटलं, काकांना फी द्या, ते माझं काम करतायत.

पण खरं सांगू? आपल्या वयाला, आणि ज्यांना आधीच दुखतंय त्यांना, उडीची गरजच नाही. एक पाय कायम जमिनीवर ठेवून नाचलं तरी घाम येतो, दम लागतो, मजा तेवढीच येते. जिथं ती उडी मारेल तिथं तुम्ही चवड्यांवर उंच व्हा. जिथं ती एका झटक्यात गिरकी घेईल तिथं तुम्ही चार छोटी पावलं टाकत गोल वळा. पाऊल आधी वळवायचं, मग अंग. हे एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. हात मोठे करा, खांदे वापरा, गाणं पायांनीच म्हणायचं असतं असं कुठं लिहिलंय? जिथं ती अगदी खाली बसेल तिथं तुम्ही खुर्चीवर बसायला निघाल्याइतकंच वाका. यावर एक खुलासा. गुडघा पावलाच्या बोटांपुढे गेला की पाप लागतं असं पुष्कळ जणी मानतात. नाही लागत. जिना उतरताना रोज तो पुढे जातो. दुखत नसेल तर पुढे गेलेला चालेल, आत गेलेला नको.

मंगळागौरीवाल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळं. श्रावण आला की आठ दिवसांत झिम्मा, पिंगा, फुगड्या सगळं बसवायचं असतं. फुगडी चालेल, पावलं लहान ठेवा. पण बसफुगडी हा प्रकार पन्नाशीच्या गुडघ्यांसाठी नाही. उकिडवं बसून, सगळा भार वाकलेल्या गुडघ्यांवर घेऊन उड्या मारायच्या, यापेक्षा वाईट काही मला सुचवता येणार नाही. ज्या आयुष्यभर करत आल्यात त्यांना मी अडवत नाही. ज्या वर्षातून एकदा करतात त्यांनी सुनांना पुढे करावं.

ताकदीचं आता भराभर सांगते, कारण हे व्यायाम सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी करत नाही. नाचाआधी पाच-सात मिनिटं घरातल्या घरात चालणं, घोटे फिरवणं, हलके झोके. थंड शरीरानं पहिल्याच गाण्याला भिडायचं नाही. आणि नाचाच्या मधल्या दिवसांत, आठवड्यातून तीनदा, चार गोष्टी. हात न टेकता खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा, दहा वेळा. बसताना धपकन पडायचं नाही, तिथंच तर मांडी काम करते. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचला, टाच थोडी मागे, म्हणजे मघाशी सांगितलेले खुब्याचे स्नायू जागे होतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचला. आणि ओट्याला धरून चवड्यांवर वर-खाली व्हा, दूध उतू जायची वाट बघत असता तेव्हा करा. सहा-आठ आठवडे नेमानं केलं तर फरक दिसतो. आठ दिवसांत दिसत नाही म्हणून सोडू नका.

सुरुवात दहा मिनिटांनी, एक दिवसाआड. गुडघे बिघडतात ते बहुधा नाचल्यामुळे नाही, तर काल शून्य आणि आज पाऊण तास केल्यामुळे.

आता दुखण्याविषयी. नाचताना थोडं जाणवणं आणि दुखणं यांत फरक आहे. माझं साधं गणित असं. नाचून झाल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत पूर्वीवर आलं तर ठीक. दोन तासांनंतरही राहिलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच पायरीला कळ आली, तर आदल्या दिवशी जास्त झालं. बंद करायचं नाही, निम्मं करायचं. वाटीच्या मागे दुखतंय, जिना उतरताना आणि सिनेमात बराच वेळ बसून उठताना जास्त, हे फार सामान्य आहे आणि बहुतेकदा मांडी-खुब्याच्या ताकदीनं कमी होतं. नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, त्याला काहीही करायचं नाही. चाळीस वर्षांची बिजागरी वाजणारच.

पण गुडघा सुजला, मध्येच अडकून सरळ होईना, चालताना एकदम दगा देऊन वाकला, किंवा त्या पायावर उभंच राहता येईना, तर तेल-मालीश नाही. डॉक्टर. पोटरी सुजून गरम झाली आणि दुखायला लागली तर त्याच दिवशी. पट्ट्यांबद्दल सगळे विचारतात. निकॅप घातल्यावर बरं वाटत असेल तर घाला, आधार वाटतो, पण ती घातली म्हणून व्यायामाला सुट्टी नाही. आणि ती घालून उड्या मारायचा परवाना मिळतो असंही नाही.

एमआरआयचे रिपोर्ट ग्रुपवर टाकून मला "हे काय गं?" विचारणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या पन्नास ते नव्वद वयाच्या जवळजवळ हजार माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, गुडघा दुखतोय की नाही हे न बघता. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या, त्यांतल्या सुमारे साठ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचं काहीच दुखणं नव्हतं. तेव्हा रिपोर्टमध्ये 'फाटलेली' शब्द वाचून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. पायरीला धरून चालणारा माणूस महत्त्वाचा, त्याचं चित्र नंतर.

वजनाचं एकच सांगते, कारण ते ऐकून ऐकून आपण कंटाळलोय. वजन जास्त आणि गुडघ्यांची झीज असलेल्या लोकांच्या चालण्याचं मोजमाप करून २००५ साली संशोधकांनी दाखवलं की वजन एक किलो घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. म्हणजे दोन किलो कमी झाले तरी गुडघ्याला आठ किलोंचं पोतं उतरल्यासारखं. मला हा आकडा आवडतो, कारण यात वीस किलो कमी करायला कुणी सांगत नाही.

आणि म्हणूनच मी कुणालाही नाचू नका म्हणणार नाही. ते सांगणं सगळ्यात सोपं. पाळी थांबल्यावर बायकांचे गुडघे झिजायचं प्रमाण वाढतं, आणि नेमकं त्याच वयात घरचे म्हणतात, आता बस, कशाला ते नाचणं. पण हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. गुडघा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. बसवून ठेवलेला गुडघा उपाशी राहतो. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी हॉलमधला टीपॉय सरकवून, दार लावून, बाई एकटीच नाचते तेव्हा ती फक्त व्यायाम करत नसते, हे मला पेशंटनीच शिकवलंय.

कॅप्टनचं पुढे काय झालं ते राहिलं. ऑपरेशन लागलं नाही. पाच महिने लागले. सुरुवातीला ती पलंगावर पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, दिवसातून किती वेळा याची वही ठेवली होती. शाळेत गृहपाठाची वही कधी पूर्ण नव्हती तिची! मग खुर्चीवरून उठणं, मग पायरी, मग एका गाण्यातली फक्त पावलं, उड्या आणि गिरक्या वगळून. दर रविवारी ती मला स्टुलावर मोबाईल ठेवून गुडघ्यांचा व्हिडिओ पाठवायची. मघाशी तुम्हाला सांगितलेली युक्ती माझी नाही, तिची आहे. तिनं सुरू केली आणि मी नंतर सगळ्या पेशंटना सांगायला लागले.

त्या काळात एकदा मी तिची माफी मागितली. म्हटलं, मी तो अंगठा पाठवायला नको होता. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "तू हो म्हटलंस म्हणून मी नाचले नाही गं. मला नाचायचंच होतं. तू नाही म्हणाली असतीस तरी नाचले असते. पण कुठं नाचतेस, कशी नाचतेस, एवढं विचारायला हवं होतंस."

त्या अकरा फोनांना या वेळी मी तेच विचारलं. कुठं नाचतेस, कशावर नाचतेस, पायात काय आहे, मोबाईल लाव आणि दाखव. दोघींच्या मॅट काढायला लावल्या. एकीला तिच्या मुलाचे बूट घालून नाचताना पकडलं. इंदूरवालीची गिरकी बदलली, आणि तिची बदलली म्हणून समूहनृत्यातली सगळ्यांचीच बदलली. आज संध्याकाळी तुम्हाला चार पावलांची गिरकी दिसेल. ती आम्हाला जमत नाही म्हणून तशी केलेली नाही, हे प्रेक्षकांतल्या मुलांनी लक्षात ठेवावं.

आता मुलांची लेझीम. तालीम साडेअकराला मैदानात आहे, सभागृहातल्या शहाबादी फरशीवर नाही. मी सरांशी बोलले आहे. खाली वाकून लेझीम जमिनीजवळ नेण्याचा जो हात आहे, त्यात पाय लांब टाका आणि कंबरेतून वाका, सगळं गुडघ्यांवर घेऊ नका. ज्यांनी काल रात्री पायऱ्या उतरताना कठडा धरला त्यांनी मागच्या रांगेत उभं राहून तो हात अर्धाच करायचा. कोण कोण ते मला माहीत आहे. आणि आज रांगेच्या टोकाला सर खुर्ची टाकून बसणार आहेत. ते चेहऱ्याकडे बघणार नाहीत.